घरी नेण्याची आज्ञा

मित्रहो, आज सकाळीच मी या गटात लिहिले होते की, तर्काच्या पायावर रचलेल्या लोजबान भाषेतही आज्ञा खरी किंवा खोटी नसते. ऐकणाऱ्याने एक विधान खरे करून दाखवावे, एवढेच ती मागते.

दुपारी माझी पत्नी पिशवी भरून दारात उभी राहिली. दोन वर्षांपासून तिची स्मृती ढासळत आहे.

"काहून बसून राहिले? मले घरी न्या ना!"

"सुमन, आपण घरीच आहोत."

"मोठे आले सांगणारे! चला."

तिने काही खोटे म्हटले असते, तर मी ते पुराव्याने खोडले असते. आज्ञा खोडता येत नाही. म्हणून मी रिक्षा बोलावली. बाजारातल्या कमानिया गेटपर्यंत जाऊन आम्ही पुन्हा याच दारात उतरलो.

ती माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "भैया, मुझे घर छोड़ दीजिए न."

आमच्यात आजवर मराठीच बोलली गेली. हिंदी ती फक्त परक्यांशी बोलते.

चाळीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. तिला घरी कसे न्यावे, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?