केर न काढलेली खोली

अ‍ॅम्ब्युलन्स बाबांना घेऊन गेली, तेव्हापासून लंडनजवळच्या पिनरच्या घरातली त्यांची खोली आईने झाडलेली नाही. माणूस बाहेर पडला की लगेच केर काढू नये, हे मान्य. पण बाबांना जाऊन वर्ष होत आलं! आई खाली सोफ्यावर झोपते, सकाळी कंबर धरून उठते, आणि मी केर ओढायच्या हूव्हरला हात लावला की, "राहू दे गं. येतोच म्हणालेत." अशी चिडायचे मी! खोली आवरल्याशिवाय ती वर झोपणार नव्हती, आणि मला तेवढंच हवं होतं.

शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत हवापालट म्हणून तिला जर्मनीला नेलं. बर्लिनजवळच्या एका राजवाड्यात लाकडी जमीन जपायला बुटांवरून घालायच्या जाड लोकरी सपाता दिल्या. गाइड सांगत होती. राजघराणं घाईत निघालं, कपाटं भरलेलीच ठेवून, लवकर परतू म्हणत. मग नाझी आले, मग रशियन सैनिक, मग कम्युनिस्टांची कचेरी. ज्याने त्याने आधीच्याचं पुसून आपला रंग फासला. एका भिंतीवर ते थर मुद्दाम उघडे ठेवले होते. सोनेरी वेलबुट्टी, तिच्यावर राखाडी, त्यावर हिरवट ऑइलपेंट.

रिकाम्या दालनांत मागून फस्स फस्स आवाज यायचा. बाबा घरात अश्शाच सपाता ओढत चालायचे. मी सारखी वळून बघत होते. कोणी नव्हतं, आमचीच पावलं घुमत होती.

आई एकदम थांबली. "अगं, आपण चालता चालता त्यांची जमीन पुसतोय."

"कोणाची?"

"येतो म्हणून गेले त्यांची." मग हळूच म्हणाली, "त्यांतलं कोणी परत आलं का, विचार ना तिला."

मी विचारलं. कोणीच नाही, गाइड म्हणाली.

पिनरला पोचलो त्या दुपारी मी चहा टाकत होते, आणि वरून फस्स फस्स आवाज आला. धावत वर गेले. बाबांच्या सपाता घालून आई त्यांच्या खोलीत उभी होती, हातात हूव्हर.

"लाव प्लग," ती म्हणाली. "आता नाही यायचे ते."

मी प्लग उचलला. धुळीत दारापासून पलंगापर्यंत बाबांच्या सपातांचे ताजे ठसे उमटले होते, आत येणारे.

"आई," मी म्हणाले, "आज राहू दे ना."