बाकावरचे सर

"साहेबाच्या तोंडाकडे नको पाहू, हाताकडे पाह्य," सर शेजारच्या उमेदवाराला हळूच सांगत. आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या मुलाखती दर वर्षी होतात, आणि कोंढ्याहून येणारे हे सर बारा वर्षं त्याच बाकावर हजर. नेमणूक वर्षापुरतीच, पुढच्या वर्षी पुन्हा फाईल घेऊन रांगेत. मी कार्यालयातला बाबू, कागद आत-बाहेर नेणारा.

त्यांची शिकवणी फुकट, तीही आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना. एकदा लाखांदूरची एक मुलगी दाराशी चपला काढून आत निघाली. सर धावले. "घाल बाई, देवळात नाही चालली तू!" मान, खांदे, हात, सगळं नीट करवून तिला आत पाठवलं. त्या वर्षी सरांचे निम्मे तास तिलाच गेले. मी चिडलो, तर म्हणाले, "आत बसली चांगली पण, बाबूजी." आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

साहेबांचं मन ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पेन खाली ठेवलं की ऐकणं संपलं, म्हणत. बाहेर येऊन निकाल सांगत, आणि तो बहुतेक खरा ठरे.

मग त्यांच्या विषयाची कायम जागा निघाली. पुन्हा निघेपर्यंत सर साठीला टेकले असते. ती त्यांचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मुलाखतीच्या वेळी मी आतच होतो. सर सुरेख बोलत होते. तेवढ्यात बाहेरगावच्या तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. सरांनी बोलणं आवरतं घेतलं. तज्ज्ञांनी पुन्हा पाहिलं. सर उठले, हात जोडले आणि निघून गेले.

तज्ज्ञांनी खिशातून गोळी काढली, माझ्याकडे पाणी मागितलं. "हे का उठले? मला अजून विचारायचं होतं."

"नोकरीची गरज दिसत नाही यांना," समितीचे अध्यक्ष म्हणाले. पुढच्याला बोलावलं. जागा त्यालाच मिळाली.

महिन्याभराने सर अनुभवाचा दाखला न्यायला आले. "त्यायले कंटाळा येऊन राह्यला होता, बाबूजी. पाहिलं ना तुमी?"

मी गप्प बसायला हवं होतं. माझी जीभ का झडली नाही, असं आजही वाटतं. "बीपीच्या गोळीची वेळ झाली होती, सर."

ते उभेच राहिले. मी खुर्ची पुढे केली, तरी बसले नाहीत.

"मंग मी काहून उठलो?"

सही झालेला दाखला टेबलावरच होता, तो न घेताच ते गेले. त्यानंतर त्या बाकावर ते कधी दिसले नाहीत.