न फोडलेल्या पाच कॅसेटी

लिहायला बसलोय खरा, पण तो अधिकार मला आहे का, माहीत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. जर्नल आणि उत्तरपत्रिका सोडल्या तर सलग चार पानं मी कधी लिहिलेली नाहीत. मागचं पुढे होईल, पुढचं मागे. सांभाळून घ्या.

आणि जे सांगायचंय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला नाही. नांदेडला चार वर्षं एका खोलीत राहिलेल्या मित्राला तर नाहीच. त्याला एवढंच माहीत आहे की मी दिवसातून दहा वेळा मोबाइलवर कसल्यातरी जुन्या गेमच्या किमती बघतो. तो हसतो. ‘उघडलं का शेअर मार्केट?’ म्हणतो. मीही हसतो.

कसल्या किमती? सांगतो. पण आधी मुनीरचाचांबद्दल सांगावं लागेल. की मी मुद्दाम लांबून जातोय? असेल.

मुनीरचाचांचं लातूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत ते, चाची आणि मुलगी सायमा. वर पत्र्याची एक खोली. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्या खोलीत काढली. लातुरात क्लासच्या आसपास कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या खोलीला काय भाडं घेतात, ते ज्यानं पोर तिथं ठेवलंय त्याला विचारा. चाचांनी माझ्याकडून त्याच्या निम्मंही घेतलं नाही. का? तर मी किल्लारीकडचा. मामानं मला त्यांच्या दुकानापुढे उभं केलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, मामाकडेच बघत म्हणाले, “तुझा भाचा म्हणजे विचारायचं काय? टाक वर गादी.”

ही ओळख भूकंपातली. त्याआधीपासून चाचा दुकानात व्हिडिओ गेम चालवायचे. तासावर पैसे, आणि शाळा सुटली की ही गर्दी. त्र्याण्णवला भूकंप झाला. आमचं गाव गेलं. मामा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. मामा सांगतो, पोरं शेडमध्येही पाय टाकायची नाहीत. डोक्यावर काही असलं की रडायची. अशात एका रविवारी लातूरहून एक तरुण टेम्पोत टीव्ही, गेमचं मशीन आणि भाड्याचं जनरेटर घालून आला. शेडमध्ये जागा होती, तरी टीव्ही त्यानं उघड्या माळावर मांडला. वरून चादर धरली, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून — तर पोरं चादरीखालीही येईनात. मग चादर काढली. उन्हात धड दिसत नव्हतं तरी पोरं खेळली. पुढे कितीतरी रविवार तो येत राहिला. एक पैसा घेतला नाही. मामा म्हणतो, भूकंपानंतर मी पहिल्यांदा हसलो तो तिथं.

मदतीला आलेल्या परदेशी लोकांतल्या एका बाईंनी हे बघितलं होतं. त्यांनी आपल्या देशात परतल्यावर चाचांना एक पार्सल पाठवलं. त्यात गेमच्या सहा कॅसेटी होत्या.

ज्यांनी ती कॅसेट बघितली नसेल त्यांच्यासाठी — हाताच्या पंजाएवढा प्लास्टिकचा चपटा डबा, खाली पिवळे दात. मशीनच्या खाचेत खुपसायची की टीव्हीवर गेम सुरू. पण बाईंनी पाठवलेल्या कॅसेटी आपल्या मशीनच्या खाचेपेक्षा रुंद. चाचांनी एक फोडून बघितली, खाचेत बसेना. उरलेल्या पाच त्यांनी फोडल्याच नाहीत. आणि त्यांच्या लेखी बसल्या असत्या तरी काय? एका कॅसेटमध्ये एकच गेम! “नव्व्याण्णव इन वन म्हणजे कॅसेट,” ते मला सांगायचे. “एकाच गेमची कोण खेळणार? पोरं धा मिनिटांत कंटाळतात.” नव्व्याण्णव गेमवाल्या कॅसेटी ते हैदराबादहून आणायचे, त्या कपाटात कुलपात. पार्सलमधल्या सहा वर माळ्यावर, पोत्यात. फोडलेल्या एकीवर तेवढी दुकानाची चिठ्ठी डकवलेली. फेकून मात्र दिल्या नाहीत. “बाईनं प्यारनं धाडल्या हायत.”

नंतर कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले. कपाटातल्यांचीही किंमत गेली. कुलूप काढून टाकलं होतं, मी गेलो तेव्हा.

आता जवळ आलो. बारावीचं वर्ष, डिसेंबर. सायमा दहावीला. आमच्याकडे दहावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी क्लासची जागा धरावी लागते. पहिला हप्ता जानेवारीत भरला तर सवलत, नाहीतर रांगेत मागे. सायमाला डॉक्टर व्हायचं होतं. नुसतं म्हणायला नाही — ती शेजारच्या दवाखान्याच्या कचऱ्यातून औषधांची माहितीपत्रकं आणून वाचायची, इंग्रजी अडलं की मला विचारायची. चाचांनी ठरवलं, गेमचं सगळं सामान विकून टाकायचं. मला हाक मारली. घरात इंग्रजी नीट वाचणारा आणि नेट असलेला मोबाइल वापरणारा मीच.

“बघ रे मोबाइलात, ह्याला कुणी गिऱ्हाईक हाय का. कपाटातल्यांचं बघ, त्यात माल हाय.”

मी कपाटातला माल आणि माळ्यावरचं पोतं माझ्या खोलीत नेलं आणि मोबाइलवर बघितलं. खरं सांगतो, मलाही काही माहीत नव्हतं. पण जे दिसलं त्यानं माझी झोप गेली. कपाटातल्यांना काडीची किंमत नव्हती. त्या नकली, हजारोंनी निघालेल्या. आणि पोत्यातल्या — एकाच गेमच्या, अस्सल, कंपनीच्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या, कधीच न फोडलेल्या — त्यांच्यासाठी जगात माणसं वेडी झाली होती. लहानपण विकत घेत होती, असं कुणीतरी तिथं लिहिलं होतं. फोडलेली असेल तर एक भाव, न फोडलेली असेल तर त्याच्या किती पट. पाचांच्या पैशांत मिळून सायमाचा पहिलाच हप्ता नाही, दोन्ही वर्षांचे हप्ते निघाले असते.

मी खाली गेलो. आणि गप्प बसलो.

इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो — गप्प बसलो. चाचांचाच गैरसमज होता, मी फक्त तो दूर केला नाही. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, नाही का?

पण मी गप्प बसलो नव्हतो. मी बोललो. मी म्हणालो, “चाचा, कपाटातल्या भंगारवाल्याला द्या, थोडंफार येईल. ह्या सहा आपल्या मशीनला बसत नाहीत, ह्यांना कुणी विचारत नाही.” सायमा दारात उभी होती. तिनं विचारलं, “नीट बघितलं का दादा? वर इंग्रजीत काय लिहिलंय?” मी म्हणालो, कंपनीचं नाव आहे. आणि मग मी म्हणालो, “मला द्याल का? कॉलेजच्या प्रोजेक्टला लागतील.”

चाचांनी फडक्यानं एकेक डबा पुसला. “घे की. कामी येऊन राहिल्या कुणाच्या तरी, बास झालं.” चाचीनं पिशवी दिली.

पुण्याचा एक संग्राहक होता, नेटवरच सापडला. तो लातूरला आला, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही भेटलो. त्यानं हातमोजे घातले. चहा दूर सरकवला. प्लास्टिकवरची शिवण भिंगातून बघितली आणि मला विचारलं, “हे कुठं होतं इतकी वर्षं?” मी म्हणालो, घरात. त्यानं सहाही घेतल्या.

पैशांचं काय केलं? आई आजारी होती, बाप अडचणीत होता, असं काही लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं. वर्गातली चांगली मुलं वेगळा क्रॅश कोर्स लावत होती, मी मागे पडलो असतो. तो लावला. उरलेल्यात नवा मोबाइल घेतला. घरी सांगितलं, शिष्यवृत्ती मिळाली. बापानं गावात सांगितलं.

चाचांना भंगारातून जे आलं त्यात हप्ता बसला नाही. सायमा क्लासशिवाय शिकली. मी लातूर सोडताना तिला माझ्या नोट्सचं बोचकं दिलं — दान केल्यासारखं! तिनं दोनदा मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. पहिल्यांदा बरीच मागे राहिली, दुसऱ्यांदा थोडक्यात. आता ती एका क्लासच्या काउंटरवर बसते आणि ॲडमिशनचे फॉर्म देते.

मला नांदेडला इंजिनिअरिंग मिळालं. आणि तेव्हापासून हे बघणं सुरू झालं. पहिल्या वर्षी भाव तेवढाच होता. मग लॉकडाऊन लागला. लोक घरात बसले आणि किमती अशा चढल्या की आकडा वाचताना मला बोटानं शून्यं मोजावी लागली. त्या पाचांतल्या एका कॅसेटच्या किमतीत चाचांचं दुकान दुमजली झालं असतं. मी गावी होतो, रेंज यायची नाही. मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढायचो. कशासाठी? भाव वाढला की माझी चोरी वाढते का? की ती जेवढ्याला विकली तेवढीच राहते? पुढे बाजार उतरला. भराभर उतरला. आणि त्या दिवशी मला हलकं वाटलं. मेसमध्ये जास्तीची पोळी खाल्ली. हे मी सगळ्यांत जास्त लपवलं असतं. कॅसेटी घेतल्या तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पोळी खाल्ली तेव्हा नव्हतो.

सांगायच्या संधी आल्या. दर ईदला मी फोन करायचो. चाचा अभ्यासाचं विचारायचे, नांदेडचं पाणी मानवलं का विचारायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलू. मग ते म्हणायचे, “चल ठेवतो, तुझं बिल वाढतंय.” आता फोनला बिल कुठं येतं? पण मीही ‘हाव चाचा’ म्हणून ठेवून द्यायचो.

गेल्या महिन्यात मला नोकरी लागली. कॉलेजातच मुलाखत झाली. मामा जीप चालवतो, किल्लारी ते लातूर. मी त्याला म्हटलं, चाचांकडे पेढे नेऊन दे. स्वतः का गेलो नाही, ते विचारू नका.

मामाचा परवा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाला, चाचा नमाजला गेले होते, दुकानात सायमाच होती. तिनं पुडा हातात घेतला आणि म्हणाली, “मामा, हे पेढे लई महाग पडले आम्हाला.”

मामाला वाटलं चेष्टा करून राहिली. तो हसला. मग तिनं सांगितलं — पुण्याचा कुणी माणूस दुकानात आला होता, फोडलेल्या कॅसेटवरची दुकानाची चिठ्ठी वाचून. अशा आणखी आहेत का विचारत होता, रोख देतो म्हणत होता. मागच्या पाचांचे किती दिले तेही त्यानंच सांगितलं.

“कुठल्या कॅसेटी रे?” मामा मला विचारत होता. “काय बोलून राहिली ती पोरगी? तू काय केलंस?”

मी विचारलं, कधी आला होता तो माणूस?

“तू बारावीला होतास म्हनं. वरच होतास, खोलीत. ती वर निघाली होती तुला जाब विचारायला, तर मुनीरभाईनं जिन्यात हात धरला तिचा. म्हनले, पोरगं वाचून राहिलंय. पेपर होऊ दे त्याचा.”

पेपर झाला. त्यानंतर मी अकरा दिवस त्या खोलीत होतो. चाचा रोज भेटले.