सायकलच्या घंटीचं पत्र

ऑफिसात मावशीला चाळण म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे चाळण. एका ईमेल कंपनीत ती आपल्या भाषेतल्या फसव्या पत्रांचा निवाडा करते. रोज दोनशे पत्रं वाचायची, प्रत्येक पत्र लॉटरी, नोकरी, बँक, वारसा, प्रेम यांपैकी एका खणात टाकायचं, कुठला खण फुगतोय ते साहेबांना सांगायचं, आणि गुरुवारी नव्या पत्रांच्या खुणांची यादी द्यायची. यादी यंत्रात गेली की त्या खुणांचं पत्र पुन्हा कोणाच्या इनबॉक्सात पोचत नाही.

आई परगावी नोकरीला, म्हणून मी मावशीकडेच वाढले. जेवताना मावशी दिवसाचा माल सांगायची आणि मी त्याला आवाज द्यायचे. वारशाच्या पत्रातली विधवा मी नाकातून करायचे: "प्रिय प्रिय लाभार्थी, मी एक मरण पावलेली बाई आहे, कृपया घाबरू नका." बँकवाला घसा खरवडून: "आपले खाते आज बंद होत आहे. आनंदी राहा!" मावशीला हसून ठसका लागायचा. तिचा मुलगा, म्हणजे दादा, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि मला म्हणायचा, "बये, तुला तिकडे नोकरी लागेल एक दिवस."

नोकरी त्यालाच लागली. परदेशात, टायपिंगची, राहणं-खाणं फुकट. जाहिरात ईमेलनेच आली होती. त्याने आधी ती मावशीला दाखवली, तिने चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली. "घाई करत नाहीत, पैसे मागत नाहीत, भाषा शुद्ध. एकही खूण नाही. जा."

त्या 'जा'ला नऊ महिने झाले. पहिल्या महिन्यात एक फोन आला. "मी बरा आहे. जेवण बरं आहे. काम बरं आहे." एरवी दादा फोनवर कोणाला बोलू देत नसे. त्यानंतर नंबर बंद.

दोन महिन्यांपूर्वी मावशीच्या ऑफिसात नवाच माल यायला लागला. परक्या शहरात अडकलेला मुलगा, घरी यायच्या तिकिटासाठी मदत मागणारा. साहेब हैराण. "मॅडम, हे आपल्यातलंच कोणीतरी लिहितंय. एक चूक सापडत नाही हो!" मावशीने 'मदत' नावाचा नवा खण उघडला. आणि एक दिवस नियम मोडून त्यातलं एक पत्र छापून डब्याच्या पिशवीतून घरी आणलं.

"याला आवाज दे," ती म्हणाली.

मी छान रडका आवाज लावला. दुसऱ्या ओळीला तो टिकेना. वाक्यं जिथे थांबत होती तिथे मला ओळखीचा माणूस थांबलेला ऐकू येत होता. "आमच्या न्हाणीघराला कडी नव्हती. मी दाराला आतून सायकलची घंटी बसवली. कोणी आलं की आतल्याने वाजवायची. आई म्हणायची, आंघोळ करतोयस की सायकल चालवतोयस?"

आमच्या न्हाणीघराला अजूनही कडी नाही. आम्ही दोघींनी त्या दाराकडे पाहिलं.

"जिवंत आहे," मावशी म्हणाली, आणि भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांकडे गेलो. हवालदाराने पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "बाई, लोक पैसे गेल्यावर येतात. तुम्ही पत्र आवडलं म्हणून आलात होय?" त्याची नक्कल मी घरी केली नाही.

फसव्या पत्रांच्या परदेशी अड्ड्यांवरून पळून आलेल्या दोघांचे जबाब मावशीने कामात वाचले होते. कोंडून ठेवतात, पत्रं लिहून घेतात. ज्याच्या पत्राला माणसं फसतात त्याला जेवण मिळतं. ज्याचं पत्र चालत नाही त्याला मार.

म्हणून मावशीने 'मदत'च्या खुणा दिल्याच नाहीत. "नमुने कमी आहेत, साहेब." पुढच्या गुरुवारी, "अजून थोडे येऊ देत." मावशी खोटं बोलताना पदराशी चाळा करते, हे साहेबांना माहीत नव्हतं म्हणून बरं. चौथ्या गुरुवारी ते तिच्या तोंडावर म्हणाले, "मॅडम, चाळणीची भोकं मोठी झाली काय हो?"

त्याच दुपारी तिच्या टेबलावर एक तक्रार आली. एका म्हाताऱ्या नर्सची. होतं नव्हतं ते सगळं तिने पाठवून दिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'घंटीचं वाचलं आणि मला खरं वाटलं. असं खोटं कोणाला सुचेल?'

"खरंच होतं गं ते," मावशी मला म्हणाली. "म्हणून तर फसली."

ती स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली. मी कागदावर हात ठेवला. "नको देऊस यादी. दादाला मारतील."

"आणि ती बाई?"

"ती आपली कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर मी चार गुरुवार गप्प बसले." तिने माझा हात उचलून बाजूला ठेवला, भांडं ठेवावं तसा.

मग ती लिहू लागली. परकं शहर. तिकीट. मोठे बूट, पुढे कापूस कोंबलेला. एका पायाने आखूड स्टूल. सगळी पत्रं तिला पाठ होती. आमचं घर एकेक करून त्या यादीत उतरत होतं. मग न्हाणीघर. त्यापुढे तिने लिहिलं: सायकलची घंटी. पेन दोनदा उमटलं नाही, तिने झटकून पुन्हा गिरवलं.

अडवलेली पत्रंही तिच्याकडेच येतात. पहिल्या दिवशी 'मदत'मध्ये नव्वद आली. मग बारा. मग एक. त्यानंतर एकही नाही. मावशी जबाब देणाऱ्या त्या दोघांचे पत्ते शोधते, परदेश खात्याला अर्ज लिहिते, अर्जाची पोच येते, उत्तर येत नाही.

आता ती रोज पिशवीतून पत्रं आणते. लॉटरी, बँक, वारसा, जे नवं असेल ते. "बघ, यात आहे का." मी मोठ्याने वाचते. तो कुठेच नसतो. ती मान हलवते, मी पुढचं घेते. आमचं जेवण असं चालतं.

काल एक बँकेचं होतं, अगदी कोरडं. मावशीचा चेहरा बघवेना. मी दादा लावला. त्याच्या जागी थांबले, त्याच्यासारखा श्वास घेतला, 'आपले खाते' म्हणताना तो फोनवर हसायचा तशी किंचित हसले. मावशीने डोळे मिटले. घास हातातच राहिला. पत्र संपेपर्यंत ती हलली नाही.

"नाही," ती म्हणाली. "ही तू आहेस."

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, मागे 'बँक' लिहिलं, आणि दुसरा पुढे सरकवला.

"हा तुझ्या साध्या आवाजात वाच."