फ्लॉपीला लावलेलं हळदकुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की मला रोह्याच्या कंपनीतली दसऱ्यानंतरची ती सकाळ आठवते. रंगाची बॅच भांड्यात तापत होती आणि पुढचं रसायन कधी, किती सोडायचं हे ज्यात होतं तो लॅबमधला कॉम्प्युटर सुरूच होईना. तरी मी निर्धास्त होते, कारण सगळ्या कृती पासवर्डचं कुलूप घालून दोन फ्लॉप्यांवर उतरवून ठेवल्या होत्या. कपाट उघडलं तर दोन्हींवर हळदकुंकू, आणि पत्र्याची पट्टी सरकून आतही ओलं बोट फिरलेलं. "काल पूजेला सगळ्या मशिनींना लावलं गो, ह्यांना बिनपूजेचं कसं ठेवू?" कासूहून येणारी आमची झाडूवाली मावशी म्हणाली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये पहिली फ्लॉपी नुसतीच घरघरली. तेवढ्यात ऑपरेटर दारातून ओरडला, "मॅडम, काटा नव्वदला आला! पुढचा माल किती सोडू?" मी दुसरीची पट्टी सरकवली आणि स्पिरिटच्या कापसाने आतली चकती हलक्या हाताने पुसली. मावशी शेजारी हात जोडून उभी. पडद्यावर पासवर्ड विचारला गेला. घाईत एकदा चुकला, दुसऱ्यांदा उघडलं. मी आकडे ओरडून सांगितले आणि ऑपरेटर पळत सुटला. आता माझ्या फाइलींना एक मोफत, खुलं सॉफ्टवेअर कुलूप घालतं आणि त्यांच्या प्रती घरातल्या दोन डिस्कवर आणि क्लाउडवर ठेवतं. दसऱ्याला हळदकुंकू मात्र मी एकाच डिस्कला लावते.