भडकाबाई आणि तीन मेणबत्त्या

पोरांनी बाईंना मागून ‘भडकाबाई’ म्हणायचं आणि बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, असा त्या शाळेत जणू करारच होता. नाव काही उगाच पडलं नव्हतं. एक तर त्यांच्या तासाला काही ना काही पेटायचं, आणि दुसरं म्हणजे राग कायम नाकाच्या शेंड्यावर. उत्तर चुकलं म्हणून मात्र त्या कधी भडकल्या नाहीत. पाठ करून आलेलं उत्तर कानावर पडलं, की मग बघा! “पोपट आहेस का रे? हे डोळे काय शोभेला लावलेत?” अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं.

शिकवायची तऱ्हाच उलटी. इतर शिक्षक आधी नियम सांगत आणि मग जमलाच तर प्रयोग दाखवत. बहुतेकदा जमत नसेच, कारण काचसामान फुटेल म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटाला कायमचं कुलूप. आता काचसामान काय लोणचं घालायला आणलं होतं? पण विचारणार कोण! भडकाबाई घरून जॅमच्या रिकाम्या बाटल्या, औषधाची मापं, वाकलेले चमचे आणत. वस्तू टेबलावर मांडून म्हणत, “काय होईल? बोला. सगळे बोलल्याशिवाय मी काडी ओढणार नाही.” प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचाच, मग काडी. अंदाज फसला की वर्ग हळहळायचा आणि बाई खूश व्हायच्या. फसलेलं पोरगं घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात घोळवतं, हा त्यांचा अनुभव.

त्यांचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. “घरातला सोडा तुझ्या नववीनं संपवला, आता मला पण विरघळवून टाका,” असं तो कुरकुरायचा. पण बाटल्या घासून उपड्या घालायचा तोच.

नववी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. रसायनशास्त्राशी पोरांची खरी गाठ पडते ती नववीत. तिथं मन उडालं की पोरगं पुन्हा त्या विषयाच्या वाटेला जात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि नेमकी तीच नववी पणाला लागली.

झालं असं, की तपासणीचे साहेब येणार होते. साहेब यायचे म्हटलं की त्या शाळेत पाठ ‘बसवायचा’ रिवाज होता, जसं नाटक बसवतात तसा. कुठल्या बाकावरच्यानं काय विचारायचं, कुणी काय उत्तर द्यायचं, बाईंनी कुठं ‘शाबास’ म्हणायचं, सगळं आधी ठरलेलं. मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते हो, पण साहेब म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मेणबत्तीचा पाठ घ्या. सोपा आहे. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर पेला उपडा. ज्योत विझते, पाणी वर चढतं. हवेतला पाचवा हिस्सा प्राणवायू जळून गेला, म्हणून तेवढं पाणी चढलं. पोरांकडून पाठ करून घ्या.”

“पण सर, ते तसं नाहीये.”

“असं कसं? पुस्तकात आहे!”

“मग पुस्तकात चुकलंय.”

मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं. “बाई, मी हात जोडतो. काही गडबड झाली तर नववी वहीवाल्या सरांना द्यावी लागेल, आणि तुम्हाला पाचवीचं सुलेखन.” वहीवाले सर म्हणजे घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंत मजकूर सांगणारे. त्यांच्या वर्गात मान वर केलेलं पोर कुणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी मेणबत्तीचाच पाठ घेतला. फक्त बसवला नाही.

मागच्या बाकाशी साहेब खुर्चीत. मुख्याध्यापक दाराशी, रुमाल हातात. बाईंनी दोन ताटल्यांत रंगीत पाणी ओतलं. एकीत एक मेणबत्ती उभी केली, दुसरीत तीन. दोन्हींवर घालायला अगदी सारखे पेले. “दोन्ही पेल्यांत हवा सारखीच. म्हणजे प्राणवायू पण सारखाच. पाणी कुठं जास्त चढेल?”

सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, की सारखंच. साहेबांनीही मान डोलावली. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला.

काडी ओढली. पेले उपडे घातले. ज्योती मिणमिणल्या, विझल्या. एका मेणबत्तीच्या पेल्यात पाणी थोडंसं चढलं. तिघींच्या पेल्यात ते चढतच गेलं, चढतच गेलं, पार वर.

“अगं बाई!” पुढची एक मुलगी ओरडली. मग जो गोंधळ उडाला! कुणी म्हणालं पेला मोठा असेल, कुणी येऊन मापून पाहिला. कुणी म्हणालं तीन मेणबत्त्या प्राणवायू तिप्पट खातात. “असेल तेवढाच खातील ना, आणणार कुठून?” दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. बाई हाताची घडी घालून उभ्या. शेवटी खिडकीजवळचा एक मुलगा, जो वर्षभर आपल्या सावलीलाही घाबरायचा, उभा राहिला. “बाई, पेला घालताना कडेनं बुडबुडे आले होते. तीनवाल्याला खूप आले.”

“मग?”

“म्हणजे हवा बाहेर गेली. तापली, फुगली, पळाली. विझल्यावर उरलेली गार होऊन आकसली, आणि पाणी आत ओढलं गेलं.” स्वतःच्याच बोलण्यानं तो इतका दचकला की मटकन खाली बसला.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

साहेब उठले. “पुस्तकात पाचवा हिस्सा लिहिलंय. परीक्षेत तेच येणार. तुम्ही मुलांचं नुकसान करताय.”

“साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? तुम्ही पण इथंच होतात ना!”

साहेब तडक निघून गेले. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी निरोप आणला, आणि तो आणताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. उद्या वर्गात जाऊन बाईंनी एवढंच सांगायचं की पुस्तकातलं बरोबर आणि कालचं विसरा. मग नववी त्यांचीच.

घरी नवरा म्हणाला, “अगं, सांगून टाक की. एक वाक्य तर आहे. वर्ग हातात राहिला तर पुढं हवं ते शिकवशील.” खोटं नव्हतं ते. बाई खूप वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. सकाळी निघताना त्यांनी ते वाक्य सांगायचं ठरवलं होतं, हेही सांगून टाकतो. लपवायचं कशाला!

वर्गात गेल्या. मुख्याध्यापक दाराशी होतेच. बाईंनी तोंड उघडलं, आणि खिडकीजवळच्या त्या मुलाकडं लक्ष गेलं. तो मान खाली घालून कालचं पान खोडायला तयार बसला होता. बातम्या काय, पोरांना आधीच कळतात.

“पेन खाली ठेव!” बाई कडाडल्या. “मला असं सांगायला सांगितलंय की तुम्ही काल जे पाहिलं ते पाहिलंच नाही. मी सांगणार नाही. परीक्षेत मार्कांसाठी पुस्तकातलं लिहायचं तर लिहा, माझी हरकत नाही. पण ते कुणी खरं मानलं, तर माझ्याशी गाठ आहे!”

दुसऱ्या दिवशी नववीत वहीवाले सर आले आणि भडकाबाई पाचवीत गेल्या.

सुलेखन म्हणजे दौत, टाक आणि मान मोडेपर्यंत त्याच त्या ओळी. पहिले काही दिवस बाईंनी मुकाट्यानं अक्षरं गिरवून घेतली. आणि मग एके दिवशी एका चिमुरडीनं शाईच्या डागावर टिपकागद दाबला, तो ओला होता, आणि डागाच्या कडेला जांभळी रेघ फुटली.

“थांब,” बाई म्हणाल्या. “सगळे इकडं या. मला सांगा, काळ्या शाईत कुठकुठले रंग असतील?”

“काळाच!” अख्खी पाचवी हसली.

टिपकागदाच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येकीवर शाईचा एकेक ठिपका, खालचं टोक पाण्यात. पाणी चढायला लागलं. ठिपका पसरला, लांबला, आणि त्यातून निळा निघाला, जांभळा निघाला, शेवटी पिवळा. पाचवीनं जो आरडाओरडा केला, तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले.

“बाई! हे काय चाललंय?”

“सुलेखन. शाईची ओळख करून घेतोय.”

“हे रसायनशास्त्र आहे!”

“आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला सगळीकडं शाई लागली होती. “इथून काढा मला, बालवाडीत टाका. तिथं पाणी असेल, मीठ असेल, साखर असेल. कुठं कुठं कुलूप लावाल सर?”

मुख्याध्यापकांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. पण तेवढ्यात एका पोरानं त्यांची बाही धरून ओढली आणि विचारलं, “सर, तुम्ही सांगा, लाल शाईत काय निघेल? सांगितल्याशिवाय बाई बुडवत नाहीत.”