तांडेलाची गाठ

नवापूरच्या आमच्या घरावर टीव्हीचा अँटेना वडिलांनी होडीच्या जुन्या डोलकाठीला बांधला होता. समुद्रावरून कितीही वारा येवो, त्यांची गाठ हलत नसे. क्रिकेटचा सामना असला की आळीतली माणसं आमच्याच ओटीवर जमत. वडील तांडेल होते, होडीवरचे प्रमुख. छातीच्या दुखण्याने त्यांचं समुद्रात जाणं सुटलं, त्यानंतर त्यांना तांडेल म्हणून हाक ऐकू यायची ती बहुधा अशाच दिवशी.

मी तेव्हा बोईसरच्या एका कारखान्यात, कचेरीत कामाला होतो. आता सामने फक्त पैसे भरून बघायच्या वाहिनीवर दाखवणार, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यासाठी केबल लागायची. ती बोईसरपर्यंत आली होती, आमच्या गावात नव्हती. वडिलांना सांगायचं मी दोन दिवस टाळलं.

सामन्याच्या सकाळी ओटी भरली. टीव्हीवर भाजीपाल्याच्या लागवडीची माहिती चालली होती.

"तांडेल, बॅटिंग कोणाची? भेंडीची का वांग्याची?" शेजारच्या काकांनी विचारलं. सगळे हसले.

वडील हसले नाहीत. "रात्री वारा होता. काठी फिरली असेल. चढ रे पोरा वर."

आणि मी चढलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. गाठ त्यांनी बांधली तशीच घट्ट होती. ती सोडल्याशिवाय काठी फिरेना, म्हणून मी ती सोडली. खालून वडील ओरडत होते, "तारापूरकडे घे! नाय, नाय, जास्त झालं!" मी काठी फिरवत राहिलो. कौलं तापली होती.

तासाभराने माणसं उठली. "बोईसरला मेव्हण्याकडे चित्र बरं दिसतं, आमी तिकडेच जातो," काका म्हणाले.

मी खाली आलो तेव्हा ओटीवर वडील एकटेच होते.

"काय झालं होतं?"

"गाठ ढिली झाली होती," मी म्हणालो.

"माझ्या हातची?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी टीव्ही बंद केला.

केबलचं पुढे गावात सगळ्यांना कळलं, वडिलांनाही कळलं. पण काका एकदा होडीच्या नांगराचा दोर बांधून घ्यायला आले, तेव्हा वडिलांनी तो हातात घेतला आणि परत दिला. "दुसऱ्या कोणाकडून बांधून घे. माझी गाठ आता धरत नाय." काकांना ती थट्टा वाटली. मी आत पुस्तक घेऊन बसलो होतो, तिथून मला सगळं ऐकू येत होतं.

त्याच वर्षी वडील गेले. ती गाठ सोडायला मला दहा मिनिटं लागली होती, नखं दुखली होती, एवढं सांगायला मी त्या दिवशी बाहेर यायला हवं होतं.